रेडिओचा वाढदिवस आणि पंधरा रुपयांचं पुस्तक



परवा नातवाने शाळेच्या प्रश्नमंजूषेची तयारी माझ्याकडून करून घेतली. विषय होता करमणुकीच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या तारखा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला तो ३ मे १९१३. पहिला बोलपट 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला तो १४ मार्च १९३१. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला. दूरदर्शन दिल्लीत आलं १५ सप्टेंबर १९५९ ला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. आणि या सगळ्यांत ठळक अक्षरांत छापलेली तारीख म्हणजे २३ जुलै १९२७. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईच्या रेडिओ केंद्राचं उद्घाटन झालं. म्हणून २३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिन, आणि २०२७ साली त्या घटनेची शताब्दी.

पोरगा पाढे म्हणावेत तशा तारखा म्हणत होता. मी मध्येच विचारलं, "ते रेडिओ केंद्र काढणारी कंपनी बंद कधी पडली?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आजी, बंद पडल्याची तारीख कोण विचारतं?"

खरं आहे त्याचं. वाढदिवस सगळे लक्षात ठेवतात, मिटल्याची तारीख कुणी ठेवत नाही. पण आपण ठेवतो की! आपला वीर निर्वाण संवत भगवान महावीरांच्या जन्मापासून नाही, निर्वाणापासून मोजतात. दिवाळीला पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायचा आणि दुकानात वहीपूजन करायचं. जुनी वही मिटली, नवी उघडली. कंपनीचं बुडणं म्हणजे निर्वाण नव्हे, एवढं मलाही कळतं. पण शेवटाच्या तारखेपाशी थांबून हिशेब बघायची सवय आपल्या घराघरात आहे. म्हणून आज रेडिओची ही न छापलेली तारीख सांगते. त्यात माझाही एक जुना हिशेब अडकला आहे, तोही सांगून टाकते.

सहा लाखांचा खेळ

रेडिओ आपल्याकडे कंपनीच्या आधी हौशी लोकांनी आणला. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ च्या जूनमध्ये पहिलं प्रसारण केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबने केलं. मद्रासला १९२४ मध्ये क्लब निघाला आणि ३१ जुलैपासून त्यांचे कार्यक्रम सुरू झाले. सभासदांच्या वर्गणीवर हा सगळा कारभार चालायचा. वर्गणीवर चाललेली भिशीसुद्धा तीन वर्षांत ढेपाळते, तर रेडिओचं काय! मद्रासच्या क्लबने पैशाअभावी १९२७ च्या ऑक्टोबरात काम थांबवलं.

दरम्यान इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची खाजगी कंपनी निघाली. तिने सरकारशी करार केला आणि मुंबई व कलकत्ता अशी दोन केंद्रं काढायचं ठरवलं. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, कलकत्त्याचं २६ ऑगस्टला. दोन्ही ठिकाणी दीड किलोवॅटची यंत्रं होती. आजच्या मानाने अगदी लहान. त्या त्या शहरात आणि आजूबाजूला कार्यक्रम नीट ऐकू यायचे, पुढे नुसती खरखर.

आता मी सांगलीची बी.कॉम. आहे, त्यामुळे माझी नजर आधी ताळेबंदाकडे जाते. कंपनीचं अधिकृत भांडवल होतं १५ लाख रुपये. लोकांनी प्रत्यक्षात शेअर घेतले ६ लाखांचे. त्यातले साडेचार लाख दोन केंद्रं उभी करण्यातच गेले. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी, व्हाइसरॉयसाहेब भाषण करत होते तेव्हा, कंपनीच्या हातात खेळतं भांडवल उरलं होतं दीड लाख. आणि महिन्याचा खर्च होता ३३ हजारांच्या घरात. भागा दीड लाखाला तेहतीस हजारांनी. पाच महिनेही निघत नाहीत.

मग कंपनी कशाच्या भरवशावर होती? तर ऐकणाऱ्यांच्या.

त्या काळी रेडिओ ठेवायचा तर परवाना लागे. वर्षाला १० रुपये. त्यातले आठ कंपनीला मिळत आणि दोन सरकार ठेवून घेई. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओच्या सामानाच्या किमतीवर दहा टक्के कंपनीला मिळायचे, ते आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांनी द्यायचे. कागदावर योजना चांगली होती. जो ऐकतो तो देतो, जो विकतो तोही देतो.

१९२७ अखेर परवाने होते ३,५९४. गुणिले आठ, म्हणजे २८,७५२ रुपये. वर्षभराची फी एका महिन्याच्या खर्चालाही पुरत नव्हती! कंपनीने काटकसर केली, खर्च महिन्याला २४ हजारांपर्यंत खाली आणला. १९२८ अखेर परवाने झाले ६,१५२ आणि १९२९ अखेर ७,७७५. आकडा वाढत होता, नाही असं नाही. पण ७,७७५ गुणिले आठ म्हणजे ६२,२०० रुपये, आणि काटकसर करूनही वर्षाचा खर्च पावणेतीन लाखांच्या वर. घरातली कुठलीही बाई सांगेल, हा संसार चालायचा नाही.

१ मार्च १९३०

पण मैत्रिणींनो, मुंबईसारख्या शहरात आणि कलकत्त्यासारख्या शहरात मिळून रेडिओ फक्त साडेसात हजार लोक ऐकत होते का? नाही. ऐकणारे जास्त होते, परवाना काढणारे कमी. रेडिओचा आवाज काही नळातून येत नाही की तोटी बंद करता येईल. तो हवेत आहे. तार लावा, ऐका. कोण बघतंय? तेव्हाच्या कायद्यात पळवाट होती. विनापरवाना रेडिओ वापरणं गुन्हा होता, पण नुसता जवळ बाळगणं नव्हतं. मग वापरताना पकडायचं कसं? दारावर थाप पडली की कान फिरवला आणि रेडिओ गप्प. तो दहा टक्क्यांचा भागही पुरता वसूल होत नसे. व्यापारी हुशार असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्यातल्या निम्म्याजणी दुकानदारांच्याच घरच्या आहोत.

अखेर १ मार्च १९३० ला कंपनी गुंडाळली गेली. अडीच वर्षांत. ही ती तारीख, जी प्रश्नमंजूषेत नाही.

कंपनी सगळी लोकांच्या बुडवेगिरीमुळे बुडाली, असं मी म्हणणार नाही. भांडवल तोकडं होतं, यंत्रं लहान होती, रेडिओ महाग होता. कार्यक्रम मूठभर शहरी लोकांनाच ऐकू जात होते. पण आठ-आठ रुपयांच्या धारेवर जो घडा भरायचा, त्याला तळाशी भोक होतं, हेही खरं.

पुढे काय झालं ते ऐका. १ एप्रिल १९३० पासून सरकारने केंद्रं प्रायोगिक म्हणून चालवायला घेतली. नाव ठेवलं इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. जगभर मंदी, तिजोरीत खडखडाट. १० ऑक्टोबर १९३१ ला सरकारनेही जाहीर केलं की आता हे बंद. म्हणजे भारतातला रेडिओ दीड वर्षात दुसऱ्यांदा मरायला टेकला. लोकांनी आरडाओरडा केला. ज्यांच्याकडे रेडिओचा माल पडून होता त्या व्यापाऱ्यांनी तर जास्तच. २३ नोव्हेंबरला सरकारने निर्णय मागे घेतला आणि मे १९३२ मध्ये केंद्रं कायमची चालवायचं ठरलं. त्याची किंमत म्हणून रेडिओवरची जकात २५ टक्क्यांवरून ५० टक्के केली. जे आठ रुपये देताना हात आखडत होते, त्यांच्याकडून सरकारने दुकानाच्या उंबऱ्यावरच दुप्पट वसूल केलं. पण त्यात प्रामाणिकपणे परवाना काढणाराही भरडला गेला. नेहमी असंच होतं. एकाने बुडवलं की दुसऱ्याच्या बिलात ते चढतं.

१९३२ च्या डिसेंबरात बीबीसीने साम्राज्यभरासाठी लघुलहरींवर कार्यक्रम सुरू केले. ते ऐकायला इथल्या युरोपियन लोकांनी रेडिओ घेतले. १९३३ साली नवा कायदा झाला आणि विनापरवाना रेडिओ नुसता घरात ठेवणंही गुन्हा ठरलं. १९३४ अखेर परवान्यांचा आकडा १६ हजारांच्या पुढे गेला. मग १९३६ च्या १ जानेवारीला दिल्ली केंद्र आणि त्याच वर्षी ८ जूनला ऑल इंडिया रेडिओ हे नाव. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. फाळणीनंतर आपल्या वाट्याला सहा केंद्रं आली होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. १९५३ मध्ये पुण्याला केंद्र झालं आणि १९६३ मध्ये आमच्या सांगलीला.

आप्पांचं पुस्तक

आता आमच्या घरचं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सांगलीत हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. घरात आजी, आई, आप्पांची बहीण आणि आम्ही चार भावंडं. आत्ती बालविधवा होती. पंधराव्या वर्षी परत माहेरी आलेली. पांढरं लुगडं, एकभुक्त, मंदिर आणि स्वयंपाकघर, एवढंच तिचं जग. सांगली केंद्र सुरू झाल्यावर दोनएक वर्षांनी आप्पांनी जुना मर्फी घेतला. आम्ही पोरं नाचलो. आजीने तोंड फिरवलं.

आजीचा आक्षेप शास्त्रातला होता. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे, आणि अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत एक आहे दुःश्रुती. मन बिघडवणारं नको ते ऐकणं. आजी म्हणे, "घरात दुःश्रुतीचं यंत्रच आणून ठेवलंस की रे!" तोडगा असा निघाला की दशलक्षणाचे दहा दिवस रेडिओवर कापड टाकायचं, आणि एरवी सामायिकाच्या वेळी तो बंद राहील. दुसरं म्हणजे सिनेमाची गाणी आजीच्या कानावर पडता कामा नयेत. ती बाहेर गेली की आम्ही आवाज बारीक करून बुधवारी रात्री सिलोन लावायचो. आत्ती दाराशी पहाऱ्याला!

आत्तीला मात्र गीतरामायण प्रिय होतं. ते पुणे केंद्राने १९५५ च्या रामनवमीपासून, १ एप्रिलपासून, वर्षभर दर आठवड्याला दिलेलं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, छप्पन्न गाणी. आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा ते वर्ष होऊन गेलं होतं, पण गाणी पुन्हा पुन्हा लागत. आजीनेही त्याला हरकत घेतली नाही. आपल्या पद्मपुराणात रामचंद्रांची कथा आहेच, आणि मांगीतुंगीला रामचंद्र मोक्षाला गेले ही आपली श्रद्धा. आत्ती भाकऱ्या थापता थापता ऐकायची. सीतेला वनात सोडल्याचा भाग आला की तिचा हात थांबायचा. तव्यावरची भाकरी करपायची. आई काही न बोलता ती उलटायची.

त्या रेडिओचं एक पुस्तक होतं. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्यांना आठवत असेल. परवान्याचं पुस्तक. दर वर्षी पोस्टात जायचं, पंधरा रुपये भरायचे, पुस्तकात तिकीट लावून वर शिक्का मारून घ्यायचा. उशीर झाला तर भुर्दंड. आप्पांचा पगार तेव्हा फार नव्हता. पंधरा रुपये म्हणजे घरातल्या एका माणसाचं जोडपत्र लांबणीवर पडण्यासारखं. तरी डिसेंबरात आप्पा मला सायकलवर पुढे बसवून पोस्टात नेत. रांगेतला एकजण एकदा म्हणाला, "दिवाणजी, कोण बघायला येतंय तुमच्या घरी?" आप्पा म्हणाले, "कुणी येत नाही म्हणून तर मला यावं लागतं."

त्या वयात मला वाटलं, आप्पांनी विनोद केला.

इचलकरंजीचा हिशेब

माझं लग्न १९८० साली झालं. सासर इचलकरंजी. यंत्रमागाचं घर, शेडमध्ये रात्रंदिवस खडखड. माजघरात मोठा, तीन बँडचा, चकचकीत रेडिओ होता. सासूबाई धार्मिक, अष्टमी-चतुर्दशीचे उपवास कडक, पाणी गाळल्याशिवाय भांड्यात पडायचं नाही. रात्री सातनंतर घरात अन्नाचा कण शिजायचा नाही. मला ते घर आवडलं.

मी बी.कॉम. म्हणून मामंजींनी वर्षभरातच घरच्या कागदांची पेटी माझ्याकडे दिली. विजेची बिलं, घरपट्टी, विम्याच्या पावत्या लावता लावता रेडिओचं पुस्तक हाताला लागलं. शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा होता.

मी पुस्तक घेऊन सासूबाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ठेव बाजूला. आता कोण भरतं ते?" मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, सगळ्या गल्लीचं असंच आहे. आपण एकट्यानेच भरलं तर बाकीचे हसतील." मी नवी सून. गप्प बसले. पेटी व्यवस्थित लावली, पुस्तक तळाशी घातलं. आणि दुपारी तोच रेडिओ लावून भाजी निवडत बसले.

एवढंच करून थांबले असते तर म्हटलं असतं, माझा इलाज नव्हता. पण पुढच्या वर्षी घरखर्च माझ्याच हातात होता. पंधरा रुपये बाजूला काढणं मला सहज शक्य होतं. पोस्ट बाजारच्या वाटेवर होतं. मी गेले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. काढले तर मागच्या सहा वर्षांचं विचारतील, घराची बोलणी होतील, ही भीती. आणि खरं सांगायचं तर, सवय झाली. फुकट ऐकायची सवय लागायला वेळ लागत नाही.

तिकडे रेडिओचं अर्थकारणही बदलत होतं. १९६७ च्या १ नोव्हेंबरपासून विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूरला जाहिराती सुरू झाल्या होत्या. आधी ऐकणारा पैसे देत होता, आता साबण आणि दंतमंजन विकणारेही देऊ लागले. पुढे टीव्ही आला, त्याचाही परवाना आला. आणि मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारने हे परवानेच बंद करून टाकले. कोट्यवधी घरांतून पंधरा-पंधरा रुपये गोळा करण्याची कटकट संपली. लोकांना आनंद झाला. गल्लीत कुणीतरी म्हणालं, "बघा, न भरणारेच शहाणे निघाले."

मला आनंद झाला नाही. आता ते देणं फेडायला खिडकीच उरली नव्हती.

साठ रुपये

त्या वर्षी क्षमावणीला मी सांगलीला गेले. आजी नव्हती आता. आत्ती अंथरुणाला खिळली होती, उशाशी छोटा ट्रान्झिस्टर. सगळ्यांना उत्तम क्षमा झाल्यावर मी आप्पांजवळ बसले आणि पुस्तकाचं सांगितलं. मला वाटलं ते रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. चष्मा पुसला आणि विचारलं, "तुझ्या हातात खर्च आल्यापासून किती वर्षं?"

"चार."

"साठ रुपये," आप्पा म्हणाले. "भुर्दंड वेगळा."

मी म्हटलं, "मंदिराच्या पेटीत टाकू का?"

"टाकू नकोस. ते मंदिराचं देणं नव्हतं. एकाचं बुडवून दुसऱ्याला दिलं तर ते दान होत नाही."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. वहीत राहू दे. सगळीच खाती मिटत नाहीत, पण मिटली असं लिहायचं नाही."

मग त्यांनी मला उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातले अचौर्याणुव्रताचे अतिचार विचारले. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले. चोराला मदत करणं, चोरीचा माल घेणं, खोटी वजनमापं, भेसळ, आणि मध्ये एक येतो विरुद्धराज्यातिक्रम. राज्याचा नियम मोडून, कर चुकवून मिळवणं. मी तो शब्द शंभर वेळा म्हटला होता. पोस्टाच्या खिडकीशी त्याचा काही संबंध आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आत्ती हे सगळं ऐकत पडली होती. ती हळूच म्हणाली, "दादा, तू भरत होतास ते पंधरा रुपये माझ्यासाठी होते होय रे? मला वाटायचं पोरांसाठी." आप्पा काही बोलले नाहीत. उठून त्यांनी तिच्या ट्रान्झिस्टरचा आवाज जरा वाढवला. पुढच्या दशलक्षणापर्यंत आत्ती राहिली नाही.

मैत्रिणींनो, इतकी वर्षं मी या गोष्टीचा विचार करते आहे. आमच्या आजीने काय ऐकावं याचा किती बारीक विचार केला! कापड टाकलं, वेळा ठरवल्या, गाणी निवडली. सासरीही काय खावं, कधी खावं, पाणी किती वेळा गाळावं, सगळं काटेकोर. पण ऐकतो त्याचे पैसे दिले का, हे कुणी विचारलं नाही. कारण हवेतून येणारी वस्तू कुणाची नसते, असं आपल्याला वाटतं. वाण्याच्या दुकानातून मूठभर शेंगदाणे न विचारता तोंडात टाकणार नाही अशी बाई चार वर्षं विनापरवाना रेडिओ ऐकत होती, आणि ती मीच होते.

१९३० साली बुडालेल्या कंपनीचे ऐकणारेही असेच असतील. काही ते चोर नव्हते. चांगल्या घरचे, शिकलेले, कदाचित देवधर्म करणारेसुद्धा. प्रत्येकाला वाटलं असणार, माझ्या आठ रुपयांनी कुठे कंपनी तरणार आहे? एकट्याच्या आठ रुपयांनी नाहीच तरणार. पण तारणारे आठ-आठ रुपयेच होते, दुसरं काही नव्हतं.

आता परवाना नाही, पोस्टाची रांग नाही. पण मोबाईलवर सिनेमा आणि मालिका दाखवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांची वर्गणी आहे, आणि त्या वर्गणीचा पासवर्ड आहे. मागच्या महिन्यात आमच्या भिशीत एकीने सगळ्यांना कुणाच्या तरी भाच्याचा पासवर्ड वाटला. "घ्या गं, फुकट आहे!" सगळ्यांनी लिहून घेतला. मीही घेतला. घरी आले आणि तो कागद समोर ठेवून बसले. मग नातवाला म्हटलं, "मला माझं वेगळं खातं काढून दे, काय पैसे असतील ते." तो हसला. "आजी, तू महिन्यातून एक सिनेमा बघतेस. परवडतं का?"

परवडत नाही. काढलं तरी.

भिशीत मी यावर काही बोलले नाही. उपदेश करायचा मला हक्क नाही. माझ्या वहीत साठ रुपये, भुर्दंड वेगळा, अजून तसेच आहेत. इथे लिहिते आहे, कारण लिहिणं हेच माझं खातं उघडं ठेवणं आहे.

नातवाला प्रश्नमंजूषेत दुसरा नंबर मिळाला. २३ जुलै त्याने बरोबर सांगितलं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १ मार्चला पेन्सिलीने एक छोटी खूण केली आहे. दुधाच्या हिशेबात ती लपून जाते, पण मला दिसते.

तुमच्याकडे आईचं, सासूबाईंचं असं एखादं रेडिओचं पुस्तक जुन्या पेटीत असेल तर काढून बघा. शेवटचा शिक्का कुठल्या सालचा आहे ते वाचा. मला सांगायला हवंच असं नाही.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.